चौतीस इंचांचा ओटा

वहिनी, तुझ्या तेरवीच्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून बसलो. चाळिशीला टेकलेला माणूस, पँट घालून, चुलीशेजारी मांडी ठोकून. तुझी लेक कमळ नुकतीच तिथून उतरली होती, ती हातातली परात धरून बघतच राहिली. कुणीतरी बाहेर जाऊन दादाला सांगितलं की मास्तरचं काहीतरी बिनसलंय. दादा दारात आला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत ओसरीवर जाऊन बसला. तो ओटा मी बांधला होता आणि त्याच्यावरून तू नि मी दहा वर्षं भांडलो होतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुझी शाळा दुसरीपर्यंतची, आणि माझं अक्षर तुला 'मुंग्या चालल्यावानी' दिसायचं. पत्र दादाच्या नावानं यायचं आणि शेवटी एक ओळ असायची, 'वहिनीस नमस्कार'. त्या एका ओळीत मी तुझं सगळं उरकून टाकायचो. त्या ओळीत जे मावलं नाही ते आज लिहितोय. वाचणार कोण, हे मला विचारू नकोस.

तू लग्न होऊन उंद्रीला आलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. तू स्वतः पंधराची असशील. माझ्या सदऱ्याची बटणं तू लावायचीस, डोक्याला तेल तू थापायचीस, आणि तरी म्हणायचीस, "भाऊजी, तुमी सीधे उभे राहा." नाक पुसून दिलेल्या पोराला 'तुमी' म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणत आलो. दादा रागवायचा. तू म्हणायचीस, "म्हनू द्या जी, माय नाई त्याइले."

पुढे मी मुंबईला घरं बांधायचं शिकायला गेलो. पाच वर्षांचा कोर्स. तू तोंडाला पदर लावून हसलीस. "पाच सालं? आपल्या गावचा गवंडी तं एका उन्हाळ्यात शिकला." तरी दर सुट्टीनंतर परतताना ट्रंकेत ठेच्याची बरणी असायचीच. बरणी वाटेत सांडून माझ्या एका नकाशावर लाल तेलाचा डाग पडला, तो डाग तपासनिसाला मी विटांचं बांधकाम म्हणून सांगितला होता. तुला ही गोष्ट फार आवडायची. पाहुणा आला की मला ती पुन्हा सांगायला लावायचीस.

मग नागपूरला कॉलेजात नोकरी लागली. राज्य नवं, विषय नवा, मीही नवा. घराच्या आतली रचना शिकवायची, म्हणजे खोलीत माणूस कसा वावरतो, कपाट कुठं, उजेड कुठून, स्वयंपाक कुठं. मी मोठ्या तोऱ्यात तुला सांगितलं, "वहिनी, मी घराच्या आतलं शिकवतो." तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घराच्या आतलं तुमाले काय माईत भाऊजी? तुमी तं आत फकत जेवाले येता."

झोंबलं ते. खरं सांगतो, फार झोंबलं. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीभर गावी राहिलो आणि हट्टानं तुझं स्वयंपाकघर पालटायला घेतलं. जमिनीवरची चूल काढली. भिंतीलगत दगडमातीचा ओटा बांधून घेतला, वरून सिमेंटचा गुळगुळीत हात. ओट्यावर चूल, चुलीला धुराडं, आणि समोरच्या भिंतीत उजेडासाठी उंचावर एक झरोका. ओट्याची उंची चौतीस इंच. ती कुठून आली? एका विलायती पुस्तकातून. त्यात झालर लावलेला झगा घातलेली एक बाई ओट्यापाशी उभी होती आणि तिच्या बाजूला बाण काढून आकडे लिहिले होते. मी आकडा उतरवला आणि गवंड्याला दिला. काम झाल्यावर तुला उभं करून मी भाषणही ठोकलं. आता वाकायचं नाही, धुरात डोळे जाळायचे नाहीत, उभ्यानं स्वयंपाक करायचा. तू ओट्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बेस हाये."

त्याच हिवाळ्यात मी पहिल्यांदा पोरं घेऊन आलो. जुनी घरं फुटपट्टीनं मोजून त्यांचे नकाशे काढायचे, हा अभ्यासाचा भाग. नऊ पोरगे, दोन पोरी. खामगावहून चिखलीची एस.टी. धरली, फाट्यावर उतरलो, टेप आणि नकाशाच्या फळ्या खांद्यावर घेऊन दहा मिनिटं चालत घरी. पोचतो तर काय, आतून गरम भाकरीचा वास येत होता. कुणी कळवलं नव्हतं, कोणती गाडी मिळेल हे मलाच ठाऊक नव्हतं. "वहिनी, तुला कसं कळलं?" तर म्हणे, "मले सपन पडते." दरवर्षी हेच. गाडी दोन तास उशिरा आली तरी पहिली भाकर गरमच. पोरं तुला घाबरायला लागली होती.

त्या दिवशी जेवण व्हायच्या आधीच मी पोरांना आत नेलं, माझा ओटा दाखवायला. आत तू ओट्यावर बसली होतीस. पाट टाकून, पदर खोचून, एक पाय मुडपून, काठवट पुढ्यात घेऊन. चूल तुझ्या शेजारी. चौतीस इंचांवर चढून बसून तू जमिनीवर थापायचीस तश्शीच भाकर थापत होतीस. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

एका पोरानं धीर करून विचारलं, "बाई, ओटा कसा आहे?"

"मस्त हाये," तू म्हणालीस. "बसाले लय मस्त हाये."

अकरा पोरं एकदम हसली. मी पण हसलो, पण दात ओठ खाऊन. संध्याकाळी नकाशे गोळा केले तर नलिनी नावाच्या पोरीनं ओटा काढून त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'बसण्याची जागा'. मी तिला झाडलं. "हे काय? स्वयंपाकाचा ओटा आहे तो." ती शांतपणे म्हणाली, "सर, पण त्या बसल्यात."

पोरं झोपायच्या तयारीला लागल्यावर मी तुझ्यापाशी आलो, रागातच. तू बोलायला लागलीस तेव्हा मात्र तुझा आवाज समजावण्याचा होता, कुरकुरीचा नव्हता. "भाऊजी, भाकर हातानं नाई थापत, अंगाच्या वजनानं थापा लागते. उभं राह्यलं तं काठवट येते कोपराशी, मंग वजन कुठून आनू? अन तवा येते छातीशी, पदर जळते. तुमच्या पुस्तकातली बाई भाकर थापते काय?"

"नाही."

"मंग थे काय करते?"

"डबे उघडत असेल."

"मंग तिच्यासाठी बेस हाये."

वहिनी, मी पाच वर्षं शिकलो आणि पुढं इतकी वर्षं शिकवलं, पण घराच्या आतल्या रचनेचा पहिला धडा मला त्या रात्री मिळाला. दुसऱ्या दिवशी मी नलिनीला तुला मोजायला सांगितलं. तू लाजलीस, मग हसलीस, मग कमरेवर हात ठेवून तोऱ्यात उभी राहिलीस. उभी असतानाची उंची, कोपराची उंची, हात वर केल्यावर कुठवर पोचतो, बसल्यावर डोळे कुठं येतात. नलिनीनं सगळं लिहिलं आणि नागपूरला येऊन त्याचा माणसाएवढा तक्ता केला. एक बाई उभी, एक बाई बसलेली, बाजूला आकडे. तो तक्ता आमच्या वर्गाच्या भिंतीवर दहा वर्षं आहे. दर साली पहिल्या तासाला मी तो दाखवून सांगतो, आधी माणूस मोजा, मग जागा. पोरं त्याला 'सरांचं कोपर' म्हणतात. शिकून गेलेली पोरं नागपुरात, अकोल्यात, अमरावतीला घरं बांधतात. तिथल्या कितीतरी ओट्यांची उंची तुझ्या कोपरावरून आली आहे. त्या बायकांची पाठ दुखत नसेल, तर त्या तुझं नाव न घेता तुला दुवा देत असतील.

नाव न घेता. इथंच माझं घोडं पेंड खातं.

तक्त्याखाली मी लिहून घेतलं होतं, 'सरासरी स्त्री'. नलिनीनं विचारलं होतं, सर, नाव लिहू का? मी म्हटलं, शास्त्रात नाव नसतं. थाप होती ती. वर्गात मी पुस्तकी बोलायचो, कुणा पोराच्या तोंडून 'काऊन' निघालं की 'का' म्हण, असं टोकायचो, आणि तोच मी माझ्या विषयाचं मूळ उंद्रीच्या दुसरी शिकलेल्या बाईकडून घेतलंय, हे कसं सांगणार? लाज वाटली. तुझी नाही गं, माझी. पण परिणाम तोच झाला.

मग माझं छोटं पुस्तक निघालं, विद्यार्थ्यांसाठी. त्यात तोच तक्ता. खाली छापलं, 'लेखकाच्या निरीक्षणातून'. मी ते कौतुकानं तुला दाखवायला आणलं. तू पानं उलटत त्या चित्रापाशी थांबलीस.

"हे कोन?"

"ही होय? ही साधारण बाई."

"साधारण बाईची डावी करंगळी अशी वाकडी असते काय भाऊजी?"

रहाटात सापडून मोडलेली तुझी करंगळी. नलिनीनं ती जशीच्या तशी काढली होती, आणि दहा वेळा तपासलेल्या त्या चित्रात ती मला कधी दिसली नव्हती. तू पुस्तक मिटलंस, देवळीत नीट ठेवलंस. "बरं झालं," म्हणालीस, "फुकटात फोटू निघाला." आणि हसत चुलीकडे वळलीस. तेव्हा बोलायला हवं होतं मी. दादा आला, एस.टी.ची वेळ झाली, आणि मी पिशवी उचलली.

ओट्याचं मात्र मी मनापासून म्हणत होतो, हे तुला कबूल करावंच लागेल. दरवर्षी म्हणायचो, वहिनी, सात इंच कमी करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. आणि दरवर्षी तू, "हात लावाल तं याद राखा." पहिल्यांदा वाटलं, मला खर्चात पाडायचं नाही म्हणून. मग वाटलं, सवय झाली असेल. दादा थट्टा करायचा, "देवी बसली सिंहासनावर, आता कोन उठवते तिले?" पुढं पुढं मला वेगळीच शंका यायला लागली. दर साली नवी पोरं, दर साली तू ओट्यावर, दर साली तेच हसणं. मला वाटू लागलं, नाव गाळल्याचा राग तू असा काढतेस. माझी चूक तू लोणच्यासारखी मुरवत ठेवलीस आणि दर हिवाळ्याला नव्या पोरांना वाढतेस.

मागच्या हिवाळ्यात मी ते बोललो. पोरं अंगणात होती. मी आत येऊन म्हणालो, "वहिनी, मुद्दाम करतेस तू हे. माझ्या पोरांसमोर माझं हसं करायला."

तुझा थापता हात थांबला. "असं वाटते तुमाले?"

"हो, वाटतं."

तू भाकर तव्यावर टाकलीस, उलटलीस, फुगल्यावर माझ्या ताटात वाढलीस. मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी निघताना तू ठेच्याची बरणी दिलीस, नेहमीसारखी. फक्त 'सांडू नका' म्हणाली नाहीस. तेवढाच काय तो फरक. नागपूरपर्यंत मला तेच खुपत होतं, आणि मी स्वतःला सांगत होतो, पुढच्या हिवाळ्यात माफी मागू, काय घाई आहे.

ज्येष्ठाच्या उन्हात तार आली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवीला घरात माणसं दाटली होती. काही सुचेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. कमळ ओट्यावर बसली होती, अगदी तुझ्यासारखी, एक पाय मुडपून. मी खांबाला टेकून उभा राहिलो. तिनं समोर पाहत हाक दिली, "काका, कोनी पाव्हने उतरले फाट्यावर. दोघं हायेत, एक बाई हाये. भाकर टाकतो."

"तुला कसं कळलं?"

"दिसते ना इथून."

मी तिला उतरवलं आणि वर चढलो. तुझ्यासारखा पाठ वाकवून बसलो. समोर झरोका. उजेडासाठी म्हणून उंचावर ठेवलेला, मीच. त्यातून विहीर दिसत होती, वांग्याचं वावर, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, बांधावरून जाणारी पायवाट, आणि तिच्या टोकाला फाटा. एस.टी. नुकतीच हलली होती, तिची धूळ अजून खाली बसायची होती. धुळीतून नलिनी येत होती, नवऱ्याबरोबर, हातात पिशवी. तुझी बातमी ऐकून आली होती.

"आई खाली उभी राह्यली तं तिले या झरोक्यातून आभायच दिसे," कमळ म्हणाली. "वर बसली की सारं दिसे. आई म्हने, जमिनीवरच्या चुलीपाशी कितीक सालं भिंतीकडं तोंड करून सैपाक केला, माह्या भाऊजीनं मले उंच बसवलं. तुमची गाडी दिसली की मंगच तवा ठेवे थे." मग अगदी सहज, "तुमी तिले कधी इचारलं नाई काय, काका?"

तेव्हा मी तिथं बसूनच रडलो, वहिनी. सगळ्यांनी पाहिलं असेल, पाहू दे. माझी चूक तू दाखवायला ठेवली नव्हतीस. माझ्या चुकीतून तुला एक खिडकी मिळाली होती आणि ती तुला सोडायची नव्हती, एवढंच. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नकाशा निघाला, तोही मला न कळता. आणि 'असं वाटते तुमाले?' एवढं बोलून तू मला फुगलेली भाकर वाढलीस. कोणत्या मातीची होतीस गं तू?

नलिनी आत आली. तिनं मला ओट्यावर पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, बसण्याचीच जागा होती ती." मी म्हटलं, "हो. तू बरोबर होतीस. तुझे मार्क मी कापले होते."

काल नव्या वर्षाचा पहिला तास होता. तक्ता दाखवला. विचारलं, ही बाई रोज वीस भाकरी थापते, हिच्यासाठी ओटा किती उंच? नव्या पोरांनी आकडे मांडले, कोपरातून वजाबाकी केली आणि बरोबर उत्तर दिलं, सत्तावीस इंच. दहा वर्षं मी इथं शाबास म्हणून पुढं जायचो. काल म्हणालो, "चूक. हिला चौतीसच हवा होता."

मागच्या बाकावरची एक पोरगी, मेहकरकडची असावी, पटकन बोलून गेली, "काऊन, सर?" आणि जीभ चावली. वर्ग हसला. मी तिला टोकलं नाही. मी म्हणालो, "हाच प्रश्न. हाच एक प्रश्न मी तिला दहा वर्षांत विचारला नाही. मी फक्त मोजत राहिलो."

मग त्यांना सगळं सांगितलं. ओटा, भाकर, झरोका, करंगळीसुद्धा. तक्त्याखालचं 'सरासरी स्त्री' खोडलं आणि लिहिलं, 'द्वारकाबाई, उंद्री'. अक्षर पुन्हा मुंग्यांसारखंच आलं. तास संपल्यावर ती पोरगी तक्त्यापाशी जाऊन उभी राहिली आणि स्वतःचं कोपर तुझ्या कोपराला लावून बघत होती.

वहिनी, ओट्याला मी हात लावणार नाही. कमळला तसा शब्द दिलाय. हिवाळ्यात पोरांना घेऊन येईन, आणि फाट्यावर उतरलो की सगळ्यांना थांबवून आपल्या घराच्या त्या झरोक्याकडे बघायला सांगीन, हात हलवायला सांगीन. दहा वर्षं तू आम्हाला येताना बघत होतीस, आणि घरं बघायला शिकवणारा मी, त्या वाटेवर एकदाही मान वर केली नाही.